दयेचे घर की हक्काचे घर?



आपल्या वस्तीतील एखादा मुलगा शाळा चुकवू लागला, टवाळ पोरांच्या संगतीस लागला, एखाद्या दुकानातून काही उचलताना सापडला, म्हणजे त्याच्याविषयी आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो? ‘वाया गेला.’ आणि त्यामागून दुसरे वाक्य काय येते? ‘रिमांड होमात टाका, म्हणजे सरळ होईल.’ हे बोलणारे परके नसतात, आपणच असतो. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या केवळ जन्मावरून हीन ठरविण्यात आले, त्या समाजाने आपल्या पोटच्या पोराच्या कपाळी असला शिक्का मारण्यापूर्वी दहा वेळा विचार करावयास हवा. तो विचार व्हावा म्हणून आज आम्ही आपणांपुढे एका परदेशी संस्थेची हकीकत ठेवीत आहोत. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात ओमाहा शहराजवळ ‘बॉइज टाऊन’ नावाची संस्था आहे. निराधार, घर सुटलेल्या आणि कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांची घरे ती चालविते. तिच्या स्थापनेला शंभरांहून अधिक वर्षे लोटली आहेत. तिचे गोडवे गावेत, एवढ्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. त्या इतिहासात घेण्यासारखे पुष्कळ आहे, तसेच सावध होण्यासारखेही आहे. आणि आमच्या मते हा दुसरा भागच आपणांस अधिक उपयोगी पडणारा आहे.

प्रथम त्या काळाची कल्पना यावयास हवी. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेतील शिकलेसवरलेले लोकसुद्धा असे मानीत की, गुन्हेगार हा जन्मतःच गुन्हेगार असतो. त्याचे बीजच वाईट. हे नुसते बोलणे नव्हते. इंडियाना राज्याने १९०७ साली ‘अयोग्य’ ठरविलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा केला आणि खुद्द नेब्रास्काने १९१५ साली तोच कित्ता गिरविला. जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याचा रोग एकट्या हिंदुस्थानालाच जडला होता असे नाही. तो जेथे जातो तेथे नवा वेष धारण करतो, एवढेच. इकडे त्याने शास्त्र-पुराणांचा वेष घेतला, तिकडे शास्त्रीय संशोधनाचा.

अशा काळात एडवर्ड फ्लॅनॅगन हा तरुण धर्मगुरू ओमाहात काम करीत होता. त्याचा जन्म १८८६ साली आयर्लंडमध्ये झाला; १९०४ साली तो अमेरिकेस आला. प्रारंभी त्याने बेकार, बेघर मजुरांसाठी एक निवारा चालविला. रात्रीच्या आसऱ्याला येणाऱ्या, दारूने खंगलेल्या त्या माणसांशी बोलता बोलता त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. त्यांतील बहुतेकांचे घर बालपणीच मोडलेले होते. चाळिसाव्या वर्षी माणसाला आसरा देण्यापेक्षा दहाव्या वर्षीच त्याचा हात धरला तर? त्याने नव्वद डॉलर उसने घेतले, शहरातील एक जुने घर भाड्याने घेतले आणि १२ डिसेंबर १९१७ रोजी पाच मुलांना घेऊन संसार थाटला. त्यांतील काही रस्त्यावरची होती, काही न्यायालयाने त्याच्या स्वाधीन केलेली. त्या वर्षीच्या नाताळच्या जेवणाला एका व्यापाऱ्याने आंबवलेल्या कोबीचे एक पिंप पाठविले आणि मुलांनी तेच खाल्ले, अशी आठवण सांगतात.

फ्लॅनॅगनचे म्हणणे एका वाक्यात सांगता येण्याजोगे होते. मूल मुळात वाईट नसते. वाईट असते ती परिस्थिती, वाईट असतो तो आदर्श, वाईट असते ती शिकवण. आज हे कोणालाही पटेल. परंतु नेब्रास्कात नसबंदीचा कायदा होऊन दोनच वर्षे झाली असता हे बोलणे म्हणजे प्रस्थापित शास्त्राला आव्हान होते.

दुसरी गोष्ट आम्हांस त्याहूनही मोलाची वाटते. त्याने घराचे दार उघडताना मुलाचा वर्ण विचारला नाही, धर्म विचारला नाही. काळा, गोरा, कॅथलिक, प्रॉटेस्टंट, ज्यू, सारे एकाच छपराखाली नांदू लागले. हे कोणत्या शहरात घडत होते? ज्या ओमाहात २८ सप्टेंबर १९१९ रोजी हजारोंच्या जमावाने न्यायालयाच्या इमारतीला आग लावली, विल ब्राउन या काळ्या मजुराला आतून ओढून काढून फासावर लटकविले, त्याच्या देहावर गोळ्यांची बरसात केली आणि तो देह जाळला, त्या शहरात. मध्ये पडलेल्या नगराध्यक्षालाही जमावाने फास लावला होता. तो थोडक्यात बचावला. पुढे माल्कम एक्स या नावाने जग ज्याला ओळखू लागले, त्या पुरुषाचा जन्म १९२५ साली याच शहरात झाला. आपण आईच्या पोटात असताना क्लॅनचे घोडेस्वार घरावर चालून आले होते, असे त्याने आत्मचरित्रात सांगितले आहे. त्या गावात काळ्या व गोऱ्या पोरांना एका पंगतीस बसविणे म्हणजे काय, हे आपणांस वेगळे समजावून सांगावयास नको. शेजारी कुरकुरले, धमक्या आल्या. मुलांचे पथक गावोगाव कार्यक्रम करून निधी जमवीत फिरे, तेव्हा काही ठिकाणी काळ्या मुलांना उतरण्यास जागा नाकारण्यात आली. तरीही पंगत मोडली नाही.

धर्माच्या बाबतीतही त्याची वागणूक नोंद घेण्यासारखी आहे. तो स्वतः कॅथलिक पाद्री. पण घरात येणाऱ्या मुलावर धर्मांतराची अट नव्हती. ज्याने त्याने आपल्या धर्माप्रमाणे प्रार्थना करावी, पण प्रार्थना मात्र करावी, असा त्याचा आग्रह. (ज्याच्या धर्मात ईश्वराला स्थानच नाही त्या मुलाने काय करावे, हा प्रश्न तेव्हाच्या नेब्रास्कात कोणाला पडला असेल असे दिसत नाही.) भाकरीच्या मोबदल्यात धर्म मागणाऱ्या संस्था जगात थोड्या नाहीत. आपण धम्म स्वीकारला तो विचारपूर्वक, स्वेच्छेने. म्हणूनच उपाशी पोराकडून भाकरीसाठी घेतलेल्या होकाराची किंमत काय असते, हे आपण इतरांपेक्षा अधिक जाणतो.

१९२१ साली संस्थेने शहरापासून काही मैलांवर १६० एकरांचे एक शेत घेतले. तेथे भिंत घालावी, फाटकाला कुलूप लावावे, असे सल्ले फ्लॅनॅगनला मिळाले. त्याने ते मानले नाहीत. घरातल्या माणसांभोवती कोणी कुंपण घालीत नाही, असे त्याचे म्हणणे. मुलांनी आपल्यातून आपला नगराध्यक्ष निवडावा, आपली मंडळे चालवावीत, ही प्रथाही लवकरच सुरू झाली. १९३६ साली ती वसाहत कायद्याने स्वतंत्र गाव झाली.

येथे थोडे थांबून आपल्या देशाकडे पाहू. ज्या दशकांत ओमाहाजवळचे हे शेत कुंपणावाचून उभे होते, त्याच दशकांत सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कित्येक जमाती तारेच्या कुंपणाआड कोंडलेल्या होत्या. त्यांचा गुन्हा हाच की, त्या अमुक जातीत जन्मल्या होत्या. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांना जन्मतः गुन्हेगार ठरविले. १८९७ च्या दुरुस्तीने तर त्यांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतींत ठेवण्याची मुभा सरकारला दिली. म्हणजे ज्या मुलाने काही केले नाही, त्यालाच ‘सुधारावयास’ नेले जाई! हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपुष्टात आला. पण कायदा रद्द झाल्याने पोलिसाच्या वहीतील आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांतील शिक्का पुसला जात नाही. आजही चोरी झाली की कोणत्या वस्तीतील पोरे प्रथम उचलली जातात, हे वाचकांना ठाऊक आहे.

असो. ओमाहाच्या हकीकतीकडे परत वळू. १९३८ साली हॉलिवूडने या संस्थेवर ‘बॉइज टाऊन’ नावाचाच बोलपट काढला. फ्लॅनॅगनची भूमिका करणाऱ्या स्पेन्सर ट्रेसीला त्यासाठी ऑस्कर मिळाले आणि संस्थेचे नाव घरोघरी पोहोचले. गंमत अशी की, बोलपटात सारे गोड झालेले पाहून आता यांना कशाची वाण नाही असे लोकांना वाटले, आणि देणग्या उलट रोडावल्या.

फ्लॅनॅगनच्या उत्तरायुष्यातील एक प्रसंग मात्र बोलपटाच्या बाहेरचा आहे आणि तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. १९४६ साली तो आपल्या मायदेशी, आयर्लंडला गेला. तेथे अनाथ व ‘बिघडलेल्या’ मुलांसाठी औद्योगिक शाळा होत्या. चालविणारे बहुतेक त्याच्याच पंथाचे धर्मबंधू. मुलांना फटके मारण्याच्या तेथील पद्धतीचा त्याने जाहीर सभांतून निषेध केला आणि या संस्था देशाला लाजिरवाण्या आहेत असे स्पष्ट सांगितले. परिणाम काय झाला? तेथील न्यायमंत्र्याने संसदेत त्याचे म्हणणे झटकून टाकले. बाहेरचा माणूस, दोन दिवस फिरला, त्याला काय कळते! १९४८ साली युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपातील मुलांची स्थिती पाहण्यास गेला असता फ्लॅनॅगन बर्लिन येथे वारला. आयर्लंडमधील लढा अर्धाच राहिला. पुढे २००९ साली सरकारनेच नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या संस्थांत मारहाण ही नित्याची बाब होती, लैंगिक अत्याचार होत होते आणि अधिकाऱ्यांनी त्याकडे डोळेझाक केली होती, हे त्या अहवालाने मांडले. मधली त्रेसष्ट वर्षे ज्या मुलांच्या वाट्याला आली, त्यांची भरपाई कोणता अहवाल करणार? त्या संस्था चालविणारे लोक स्वतःला राक्षस समजत नव्हते. आपण पुण्यकर्म करीत आहो, अशीच त्यांची समजूत होती. पुण्यकर्माच्या दाराशी तपासणी करावयास कोणी जात नाही; म्हणूनच तेथे पाप निर्धास्तपणे नांदते.

आणि आता त्या भागाकडे येऊ, ज्यासाठी आम्ही ही लेखणी हाती घेतली.

फ्लॅनॅगनच्या मागे बॉइज टाऊन वाढत गेले. इमारती वाढल्या आणि पैसा तर फारच वाढला. देशभरातील घरांना टपालाने विनंतीपत्रे धाडण्यात येत. पोटाला नाही, घराला आधार नाही अशी अनाथ पोरे, आणि आपल्या एका डॉलरने होणारे त्यांचे कल्याण. पत्रांचा सूर असा. ही पत्रे वर्षाला तीन कोटींहून अधिक जात. म्हाताऱ्या विधवा, गिरणीतील मजूर, शाळेतील मुले आपापल्या मिळकतीतून काही बाजूला काढून पाठवीत. आत किती पैसा साठला आहे, हे कोणी विचारले नाही. दयेने हेलावलेला माणूस हिशेब विचारीत नाही. विचारणे त्याला असभ्यपणाचे वाटते.

विचारले ते ओमाहातील ‘सन’ नावाच्या एका लहानशा साप्ताहिकाने. त्याचे मालक होते वॉरन बफे, जे पुढे जगातील अतिधनिकांत गणले गेले. अमेरिकेत १९६९ साली करकायद्यात सुधारणा झाली होती आणि धर्मादाय संस्थांनी सरकारला सादर केलेली आर्थिक विवरणे लोकांना पाहता येऊ लागली होती. संस्थेने असे विवरण भरले असणार, हे बफे यांच्या ध्यानात होते. वार्ताहरांनी ते मिळविले, टपाल कार्यालयातील आकडे धुंडाळले, एकेक विश्वस्ताला गाठून प्रश्न केले. मार्च १९७२ मध्ये त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. गरिबीची हाक देणाऱ्या या संस्थेची निव्वळ मालमत्ता वीस कोटी नव्वद लक्ष डॉलर निघाली! आणि मुले? सातशेहूनही कमी. दर वर्षी खर्चाहून अधिक पैसा गोळा होत होता आणि तो मुलांपर्यंत न पोहोचता गुंतवणुकीत वाढत होता. या वृत्तान्ताला १९७३ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

येथे न्यायबुद्धीने बोलावयास हवे. कोणी हा पैसा खिशात घातला, असे त्या वृत्तान्ताचे म्हणणे नव्हते. ज्या संस्थेने आंबवलेल्या कोबीवर सण साजरा केला, तिच्या चालकांच्या मनात उद्याच्या उपासमारीची भीती घर करून राहिली असेल, हे आम्ही समजू शकतो. पण भीतीपोटी असो वा लोभापोटी, फळ एकच. मुलाच्या नावाने जमलेला पैसा मुलावाचून जगू लागला. मुलाचे दारिद्र्य हे संस्थेचे भांडवल बनले. आमचा मुख्य मुद्दा हाच आहे. दयेच्या घरात मूल हे जाहिरातीतील चित्र असते, आणि चित्राला मत नसते. हक्काच्या घरात मूल हे घरातील माणूस असते. त्याला विचारावे लागते आणि त्याला उत्तर द्यावे लागते. फ्लॅनॅगनने मुलांना नगराध्यक्ष निवडण्याचा अधिकार दिला खरा. पण त्या नगराध्यक्षाला तिजोरीची किल्ली कोणीच दिली नाही, ही गोष्ट विसरता कामा नये. किल्लीवाचूनचा अधिकार काय कामाचा, हे राखीव जागा आणि रिकामे अधिकार यांचा अनुभव घेतलेल्या आपल्या समाजाला नवे नाही.

बोभाटा झाल्यावर संस्था हादरली. पत्रे धाडणे काही काळ थांबले आणि १९७३ साली नवा संचालक आला. वाणी व श्रवणदोष असलेल्या मुलांसाठी १९७७ साली रुग्णालय उभे राहिले. परंतु त्याहून मोठा बदल मुलांच्या राहण्यात झाला. मोठ्या वसतिगृहांतून ओळीने खाटा मांडून मुले ठेवण्याची पद्धत जाऊन, १९७० च्या दशकाच्या मध्यापासून लहान लहान घरे आली. प्रत्येक घरात एक विवाहित दांपत्य आणि सहा-आठ मुले. १९७९ साली मुलींनाही प्रवेश मिळाला. १९९१ साली तर ‘बॉइज टाऊन’ची नगराध्यक्ष म्हणून प्रथमच एक मुलगी निवडून आली.

ही लहान घरांची कल्पना मुळात संस्थेची नव्हती. ती शेजारच्या कॅन्सस राज्यातून आली. लॉरेन्स या गावी १९६७ साली ‘अचीव्हमेंट प्लेस’ नावाचे एक घर सुरू झाले. न्यायालयाने पाठविलेली बारा ते सोळा वर्षांची पाच-सात मुले तेथे एलेरी व इलेन फिलिप्स या दांपत्याजवळ राहत. कॅन्सस विद्यापीठातील प्राध्यापक माँट्रोज वुल्फ व त्यांचे सहकारी त्यावर संशोधन करीत. मुले गावातल्याच आपल्या शाळेत जात, सुटीला आपल्या घरी जात. चांगल्या वागणुकीला गुण मिळत, वाईट वागणुकीचे गुण कापले जात, आणि गुणांच्या बदल्यात सवलती मिळत. रोज संध्याकाळी सगळे एकत्र बसत. नियम योग्य की अयोग्य यावर मुले बोलत आणि मतदानाने नियम बदलतही.

गुणांचा हा बाजार आम्हांस फारसा रुचत नाही, हे आम्ही लपवीत नाही. पण त्या संशोधकांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवून ठेवली आहे, आणि ती लाखमोलाची आहे. पहिले घर यशस्वी झाले म्हणून त्यांनी त्याच धर्तीवर दुसरे घर काढले. गुणांची पद्धत तीच, नियम तेच, दांपत्यही शिकवून तयार केलेले. तरीही ते घर फसले. मुले चिडू लागली, भांडू लागली, त्या दांपत्याला त्यांनी मानले नाही. असे का व्हावे? संशोधक पुन्हा पहिल्या घराकडे वळले आणि फिलिप्स दांपत्य मुलांशी कसे बोलते, हे बारकाईने पाहू लागले. तेव्हा कळले की, खरे काम गुण करीत नव्हते. ते दोघे मुलाला चुकीबद्दल बोलताना आधी त्याचे काय बरोबर झाले ते सांगत. असे का वागावे याचे कारण देत. ते करून दाखवीत. त्याच्याकडून करवून घेत. आणि हे सारे सन्मानाने, हसतमुखाने. कागदावर लिहिलेल्या योजनेत ही ओळच राहून गेली होती! तेव्हापासून या पद्धतीच्या घरांत एक नवा नियम झाला. घर चालविणारे दांपत्य कसे आहे, ते न्यायी आहे का, आपुलकीने वागते का, हे ठराविक काळाने मुलांना विचारावयाचे आणि त्यांच्या उत्तरांवर त्या दांपत्याची योग्यता ठरवावयाची. पूर्वी मुलांची परीक्षा होत असे. आता मुलांनी पालकांची परीक्षा घ्यावयाची. दयेच्या घरातून हक्काच्या घराकडे जाणारे एखादे पाऊल कोठे दिसत असेल, तर ते आम्हांस येथे दिसते. संगमरवरी इमारतींत दिसत नाही.

आता, वाचकहो, याचा आपणांशी संबंध काय? संबंध दुहेरी आहे.

आपली मुले अशा संस्थांत जातात. आणि आपण, हातावर पोट असतानाही, अशा संस्थांना देणग्या देतो. वसतिगृहे, आश्रमशाळा, बालगृहे यांच्या पावतीपुस्तकांत आपली नावे आहेत. मग हिशेब विचारण्याची लाज आपणांस का वाटावी? संस्थाचालक आपल्या समाजाचा आहे, चळवळीतला आहे, त्याच्या भिंतीवर आपल्या आदरणीय पुरुषांच्या तसबिरी आहेत, एवढ्यावरून त्याला प्रश्नांतून सूट मिळत नाही. उलट त्याने तर स्वतः होऊन हिशेब मांडावयास हवा.

कायदाही आपल्या बाजूने आहे. तो आपणांस ठाऊक नसतो, ही अडचण. मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा १९२४ साली झाला. आज साऱ्या देशाला २०१५ चा बाल न्याय अधिनियम लागू आहे. अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही, असे हा कायदा म्हणतो. त्याला बाल न्याय मंडळापुढे उभे करावे लागते, आणि त्या मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी निदान एक स्त्री. जामीन हा त्याच्या बाबतीत सर्वसाधारण नियम आहे. जामीन नाकारणे हा अपवाद. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय समजावा, घर व कुटुंब हा पहिला, असे तत्त्व त्यात स्पष्ट शब्दांत आहे. म्हणून पोरगा पोलिसांनी नेला की ‘आता तेच त्याला सुधारतील’ म्हणून घरी बसून राहणारा बाप स्वतःच आपल्या मुलाचा हक्क सोडून देत असतो. आणखी असे की, मंडळाने दोषी ठरविले तरी त्या कारणाने पुढे नोकरीत वा शिक्षणात त्याला अपात्र समजता येत नाही. अपवाद फक्त सोळा वर्षांवरील ज्या मुलावर घोर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालतो त्याचा. म्हणजे कायद्याने शिक्का पुसला आहे. तो पुन्हा मारणारे आपण कोण?

याच कायद्याप्रमाणे मुलांची प्रत्येक संस्था नोंदलेली असली पाहिजे. प्रत्येक संस्थेत व्यवस्थापन समिती असली पाहिजे, आणि सहा वर्षांवरील मुले जेथे राहतात तेथे मुलांची स्वतःची समिती असली पाहिजे. तपासणीसाठी सरकारने निरीक्षण समित्या नेमावयाच्या आहेत. कागदावर सगळे आहे. तरी बिहारमधील मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात काय चालले होते, ते २०१८ साली उघड झाले. आणि ते उघडकीस आणले ते कोणा सरकारी निरीक्षकाने नव्हे, तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या सामाजिक लेखापरीक्षणाने. त्या पाहणी करणाऱ्यांनी वेगळे काय केले? ते मुलींशी बोलले. २०२० साली दिल्लीच्या न्यायालयाने त्या प्रकरणात एकोणीस जणांना दोषी ठरविले. आयर्लंडमध्ये त्रेसष्ट वर्षे लागली; येथे वेळ कमी लागला, याचे समाधान मानावे असे ते प्रकरण नाही.

तेव्हा आपल्या तालुक्यातील, आपण ज्याला वर्गणी देतो त्या बालगृहात वा वसतिगृहात एकदा जा. एकट्याने न जाता चार बायाबापड्यांनी मिळून जा. स्त्रिया बरोबर असल्या म्हणजे मुली मोकळ्या बोलतात. इमारतीला रंग कोणता दिला आहे, हे पाहण्यात वेळ घालवू नका. संस्थेला मुलांची समिती बसणे आवश्यक असेल, तर ती शेवटी कधी बसली, तिने काय मागितले आणि मागितलेले मिळाले की नाही, हे विचारा. मुलाला तक्रार करावयाची झाली तर कोणाकडे करावयाची, हे अधीक्षकाला विचारू नका, मुलाला विचारा. त्याला ठाऊक नसेल, तर तेथे तक्रारीची सोय नाही असे समजा. वर्षाचा जमाखर्च मागा. आपले मूल तेथे असेल, तर दर महिन्यास भेटीला जा; मुलाला भेटावयास येणारे कोणी आहे, हे संस्थेच्या लोकांना दिसले पाहिजे. आणि आपले नसेल तरी, ज्याला भेटावयास कोणी येत नाही अशा एखाद्या मुलाची चौकशी करा.

संस्था सरकारी असेल, किंवा सरकारी अनुदानावर चालत असेल, तर ओमाहाच्या वार्ताहरांना जी कागदपत्रे करखात्यातून मिळाली, तशीच आपणांसही मिळविता येतात. २००५ पासून माहितीचा अधिकार कायद्याने आलेला आहे. निरीक्षण समितीच्या भेटींचे अहवाल, मंजूर अनुदान, प्रत्यक्ष झालेला खर्च आणि मुलांची पटावरील संख्या, एवढे मागितले तरी पुरे. मुलांची नावे मागू नयेत. ती गुप्त ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि मुलांच्या हिताचेही आहे. अर्ज मराठीत लिहिता येतो. शुल्क दहा रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना तेही नाही.